केकची सावली निळी का?

"केकच्या चित्रांवर पीएचडी?" हा प्रश्न आता पाठ झालाय. म्हणून आज एकाच चित्राबद्दल लिहितो.

वेन थीबो (१९२०–२०२१) या अमेरिकन चित्रकाराचं 'केक्स' हे १९६३ सालचं तैलचित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. पाच फूट बाय सहा फुटांच्या कॅनव्हासवर तेरा केक, बेकरीच्या काचेआड मांडावेत तसे. पॉप आर्टच्या ऐन बहराचा तो काळ. त्यामुळे 'ही चंगळवादावरची टीका' असं मीही धरून चाललो होतो. पहिलं प्रकरण त्यावरच रचलं, आणि मग मोडलं.

कारण चित्र नीट पाहिलं की टीका सापडत नाही. वॉरहॉलच्या सूपच्या डब्यांवर कंपनीचं नाव असतं. इथे ना नाव, ना किंमत. सापडतो तो रंग. आपण म्हणू, सावली काळी किंवा करडी. इथे ती चक्क निळी आहे. शिवाय कडांवर हिरव्या-नारिंगी बारीक रेघा.

हे मनाचे खेळ नव्हेत. संध्याकाळी खिडकीशी पांढऱ्या कागदावर कप ठेवा आणि बाजूला पिवळा दिवा लावा. दिव्यामुळे पडलेली सावली निळसर दिसेल. तिथे दिव्याचा पिवळा उजेड पोचत नाही, फक्त खिडकीतला पोचतो. आणि भोवतीच्या पिवळ्यामुळे डोळ्याला तो आणखीच निळा भासतो. शेजारचे रंग एकमेकांना असं बदलतात, हे शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ च्या ग्रंथात सविस्तर मांडलं होतं. थीबोने हा परिणाम मुद्दाम वाढवला. निळ्याशेजारी पिवळसर क्रीम उजळतं, आणि कडेच्या रेघांमुळे केक कापून ठेवल्यासारखा वेगळा उठतो.

दुसरी गोष्ट रंगाच्या जाडीची. सुरीने आयसिंग फिरवावं तसा त्याचा ब्रश केकभोवती फिरतो. रंग क्रीम *दाखवत* नाही, जवळजवळ क्रीमच होतो.

गंमत म्हणजे समोर केक नव्हतेच. ही चित्रं त्याने बरीचशी आठवणीतून काढली. लहान वयात तो कॅलिफोर्नियात एका खानावळीत कामाला होता. म्हणजे निरीक्षण आणि आठवण इथे एकत्र काम करतायत.

माझं नवं प्रकरण तिथून सुरू होतं: टीका शोधायच्या घाईत आपण बघायचंच विसरतो का?