परमुलखात गडबड उसळली तर



काशी-रामेश्वर झालं की पुढचा विचार पशुपतिनाथाचा, असं पुष्कळ गावांत दिसतं. सुगी आटोपते, हाताशी चार पैसे असतात, एखादी यात्रा कंपनी गावात येऊन नावं लिहून घेते आणि चाळीस-पन्नास माणसं गोरखपूरमार्गे सोनौलीची सरहद्द ओलांडून नेपाळात शिरतात. तिथे आपल्याला व्हिसा लागत नाही. देव आपलेच, पाट्यांवरची अक्षरंही आपलीच. त्यामुळे आपण परदेशात आलो आहोत असं कुणाच्या मनातच येत नाही. पण सरहद्द ती सरहद्द. पलीकडचं सरकार वेगळं, कायदा वेगळा, पोलीस वेगळे आणि घड्याळसुद्धा वेगळं! एरवी हा फरक जाणवत नाही. गडबड उसळली की मात्र एका क्षणात जाणवतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये तो हजारो यात्रेकरूंना जाणवला. त्या महिन्याच्या ४ तारखेला नेपाळ सरकारनं फेसबुक, यूट्यूब यांसारख्या सव्वीस समाजमाध्यमांवर बंदी घातली. भ्रष्टाचारावरून तरुण आधीच चिडलेले होते. ८ तारखेला ते काठमांडूच्या रस्त्यांवर उतरले. संसद भवनाजवळ गोळीबार झाला आणि त्या एका दिवसात एकोणीस जणांचा प्राण गेला. बंदी त्याच रात्री उठली, पण आग विझली नाही. दुसऱ्या दिवशी, ९ तारखेला, संसद भवन पेटलं, सर्वोच्च न्यायालय पेटलं, सरकारी कचेऱ्यांचा सिंहदरबार पेटला. पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला. विमानतळ बंद झाला. रात्री सैन्यानं शहराचा ताबा घेतला आणि संचारबंदी पुकारली.

त्या दोन दिवसांत आपली माणसं तिथे अडकली होती. त्यांत महाराष्ट्रातले यात्रेकरूही होते. भांडण त्यांचं नव्हतं, त्यांच्याविरुद्धही नव्हतं. पण पेटलेल्या रानात सापडलेल्या पाखराला आग कुणी लावली हे विचारायला वेळ नसतो. अशा वेळी माणसानं काय करावं, हे आज आपण पाहू.

पहिली आणि मुख्य गोष्ट ही, की पळत सुटू नका. आपल्या मनाची ओढ नेमकी उलट असते. गडबड झाली की वाटतं, चला, बोचकी बांधा, बस काढा, सरहद्द गाठा. पण विचार करा, दंगलीचा जोर असतो कुठे? मोठ्या रस्त्यावर, चौकात, सरकारी कचेरीसमोर, नाक्यावर. आपण गल्लीतली धर्मशाळा सोडून हमरस्त्याला लागतो, म्हणजे स्वतःच्या पायांनी तिकडेच जातो. परक्या नंबराची बस लांबूनही ओळखू येते. वाटेत झाडं आडवी टाकलेली असतात, टायर जळत असतात. मागे फिरावं तर मागचाही रस्ता बंद झालेला असतो. त्या ९ सप्टेंबरला पशुपतिनाथाचं दर्शन घेऊन परतणाऱ्या भारतीय यात्रेकरूंच्या एका बसवर सोनौलीच्या वाटेवर हल्ला झाला. काचा फुटल्या, माणसं जखमी झाली, सामान लुटलं गेलं. आणि विमानतळ? तो १० तारखेच्या संध्याकाळी पुन्हा उघडला. त्यानंतर जादा विमानंही सुटली. म्हणजे सगळ्यांत वाईट वेळ एक-दोन दिवसांचीच होती. तेवढा वेळ एका जागी धीरानं काढणं, यातच पुष्कळदा सगळं शहाणपण असतं.

‘पुष्कळदा’ म्हणतो, ‘नेहमी’ म्हणत नाही. कारण त्याच दिवशी काठमांडूतल्या मोठमोठ्या हॉटेलांनाही आगी लावल्या गेल्या. अशाच एका हॉटेलातून, आगीच्या वेळी वरच्या मजल्यावरून खाली उतरण्याच्या प्रयत्नात, देवदर्शनाला आलेल्या एका भारतीय बाईंचा अंत झाला. जागेवर थांबा असं सांगणाऱ्यानं ही गोष्टही सांगितलीच पाहिजे. तेव्हा थांबायचं, पण जागा पारखून. मुक्काम शक्यतो सरकारी इमारती, पुढाऱ्यांची घरं आणि झगमगीत हॉटेलं यांच्यापासून दूर असावा. खोली पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरची मागावी. मुक्कामाला पोचल्यावर चहा मागवण्याआधी जिना कुठे आहे, मागचं दार कुठे उघडतं, ते रात्री कुलूपबंद असतं का, हे पाहून ठेवावं. आग लागली तर लिफ्ट वापरू नये. धूर वर चढतो, म्हणून जमिनीलगत वाकून, तोंडावर ओलं फडकं धरून जिन्यानं उतरावं. आणि ताटातूट झाली तर कुठे भेटायचं, ती जागा आधीच ठरवून ठेवावी. जत्रेत आपण लेकरांना सांगतो ना, हरवलास तर देवळाच्या दीपमाळेपाशी थांब म्हणून? मोठ्यांनाही तेच सांगायचं.

दुसरी गोष्ट, आपला ठावठिकाणा कळवा. परमुलखात आपलं गाऱ्हाणं ऐकायला तलाठी नाही, सरपंच नाही. तिथे आपला आधार म्हणजे भारताची वकिलात, म्हणजेच दूतावास. नेपाळात ती काठमांडूला लैनचौर भागात आहे. शिवाय रक्सौलच्या पलीकडे वीरगंजला आपलं वाणिज्य दूतावास आहे. गडबडीच्या वेळी वकिलात मदतीचे दूरध्वनी क्रमांक जाहीर करते. सप्टेंबरमध्येही तसे ते केले होते. पण तुम्ही अमुक धर्मशाळेत आहात हे त्यांना ठाऊकच नसेल, तर ते तुमच्यापर्यंत पोचणार कसे? म्हणून निघण्यापूर्वीच वकिलातीचा पत्ता आणि क्रमांक कागदावर लिहून घ्या. केवळ मोबाइलमध्ये ठेवू नका. मोबाइलची बॅटरी संपते, इंटरनेट बंद पडतं. फोन लागला की थोडक्यात सांगा: आम्ही इतके जण, अमुक ठिकाणी आहोत, अमुक आजारी आहे, म्हातारी इतकी, मुलं इतकी. फोन करून रडारड केल्यानं वेळ जातो. नीट माहिती दिल्यानं मदत येते.

यातून काय साधतं, याचं एक उदाहरण देतो. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात लढाई पेटली. तिथल्या आपल्या वकिलातीनं आधी लोकांना घराबाहेर पडू नका असं सांगितलं. मग वाट मोकळी होत गेली तशी माणसं तुकड्या-तुकड्यांनी बसमधून बंदरावर नेली आणि तिथून नौदलाच्या जहाजांनी आणि विमानांनी सौदी अरेबियातल्या जेद्दामार्गे मायदेशी आणली. अशी ३,८०० हून अधिक भारतीय माणसं सुखरूप परतली. क्रम ध्यानात घ्या: आधी थांबणं, मग कळवणं, मग सगळ्यांनी मिळून निघणं.

वकिलात काय करू शकते आणि काय नाही, हेही समजून घेतलं पाहिजे. कागदपत्रं हरवली तर परतीपुरता दाखला ती देऊ शकते. घरच्यांना निरोप पोचवते. प्रवासाची सोय लावून द्यायला झटते. पण तिथल्या पोलिसांना हुकूम करणं किंवा तिथला कायदा मोडलेल्या माणसाला सोडवून आणणं तिच्या हाती नसतं. मात्र कुणाला अटक झालीच, तर आपल्या वकिलातीला कळवा असं सांगण्याचा हक्क त्याला आहे. १९६३ साली व्हिएन्ना इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात तो लिहिलेला आहे. मारामारी न करता, आवाज न चढवता, हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणावं: मी भारतीय आहे, माझ्या वकिलातीला कळवा.

तिसरी गोष्ट, संचारबंदी अक्षरशः पाळा. इथे घड्याळाची गंमत येते. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं. संचारबंदी पाचला सुरू होणार असेल, तर आपल्या मनगटावर तेव्हा पावणेपाचच वाजलेले असतात. ‘अजून पाव तास आहे’ म्हणून दूध आणायला निघालेला माणूस बंदुकीसमोर उभा राहायचा! सरहद्द ओलांडली की पहिल्यांदा घड्याळ लावून घ्या. दुसरी गंमत शब्दांची. तिथली लिपी देवनागरी, म्हणून पाटी वाचता येते, पण अर्थ आपलाच असेल असं नाही. आपण ‘निषेध’ म्हणतो तेव्हा विरोध दर्शवणं असा अर्थ घेतो. नेपाळात ‘निषेधाज्ञा’ असं जाहीर झालं, तर तो मनाई हुकूम असतो. जमू नका, फिरू नका असा त्याचा अर्थ. समजलं नाही तर तिथल्या माणसाला विचारावं. सामान्य नेपाळी माणूस यात्रेकरूला वाट दाखवायला मागेपुढे पाहत नाही.

चौथी गोष्ट, तोंड आणि कॅमेरा बंद. आपण तिथे पाहुणे. शेजारच्या घरात भावाभावांत वाद चालला असता पाहुण्यानं निवाडा करायला बसू नये. मोर्चा पाहायला गच्चीवर किंवा चौकात जाऊ नये. जमावाचे, पोलिसांचे, सैनिकांचे फोटो काढू नयेत. जमावाला वाटतं हा पोलिसांचा माणूस, आणि पोलिसांना वाटतं हा जमावाचा. वाटेत अचानक जमाव आडवा आलाच, तर त्याच्या विरुद्ध दिशेनं धावू नका, घोळक्याच्या मध्येही जाऊ नका. कडेकडेनं, न धावता, पहिली गल्ली किंवा उघडं दुकान दिसेल तिथे शिरा. म्हाताऱ्यांचा आणि लेकरांचा हात सोडू नका.

आता तयारीचं बोलू. नेपाळात जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र जवळ असावं. पुष्कळ जण नुसतं आधार कार्ड घेऊन निघतात. पण १५ ते ६५ वर्षांच्या माणसांना त्यावर हा प्रवास करता येत नाही. प्रत्येक कागदाच्या दोन नकला काढा, एक पिशवीत, एक घरी. औषधं रोजच्या गरजेपेक्षा आठवडाभर जास्त घ्या. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी संचारबंदीत मिळत नाही. थोडी रोकड अंगावर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, कारण दंगलीत बँका उघडत नाहीत. रोज रात्री पिण्याचं पाणी भरून ठेवा. भडंग, चिवडा, दशम्या असं काही टिकाऊ जवळ असू द्या. प्रवासाचा विमा काढलात, तर दंगलीमुळे झालेलं नुकसान त्यात धरलं आहे का, ते आधी वाचून घ्या. काही विम्यांत ते धरलेलं नसतं. आणि निघण्याच्या आठवड्यात तिथल्या बातम्या ऐका. आपल्या सरकारनं ‘सध्या जाऊ नका’ असं सांगितलं असेल, तर भरलेले पैसे बुडाले तरी चालतील, पण जाऊ नये. देव पुढच्या वर्षीही तिथेच असतो.

शेवटी, शिक्षक मित्रहो, थोडं तुमच्याशी. गावची मंडळी दूरच्या यात्रेला निघाली की शाळेत बसून एक तक्ता करा. प्रत्येकाचं नाव, वय, आजार, ओळखपत्राचा क्रमांक, घरचा फोन, मुक्कामांचे पत्ते आणि तारखा. एक प्रत यात्रेच्या म्होरक्याकडे, एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत. उद्या काही घडलंच, तर चाळीस घरांतून चारशे फोन जाण्याऐवजी एका माणसानं एक यादी घेऊन जिल्हाधिकारी कचेरीत जावं. तिथून ती वकिलातीपर्यंत पोचते. तिकडच्या मंडळींनीही रोज ठरलेल्या वेळी एकच निरोप एकाच माणसाला धाडावा, ‘सगळे सुखरूप, अमुक ठिकाणी’. तो त्यानं घरोघर सांगावा. आणि गावात एखादी भयंकर बातमी मोबाइलवर फिरू लागली, तर ती पुढे पाठवण्याआधी विचारा: ही कुणी पाहिली? कुठे? केव्हा? कारण गावातल्या खोट्या बातमीनं तिकडे अडकलेल्या माणसाचा धीर सुटतो. आणि धीर सुटलेला माणूसच बोचकं उचलून भलत्या वेळी रस्त्यावर येतो.

तेव्हा मंडळी, यात्रेला अवश्य जा. परमुलूख पाहिल्यानं माणूस शहाणा होतो. फक्त जाताना आपला ठावठिकाणा मागे ठेवून जा, आणि वेळ पडली तर तिथे दोन दिवस बसून राहण्याचा धीर गाठीला बांधून न्या.