उत्प्रेरक नामानिराळा राहत नाही

उत्प्रेरकाची शाळेत शिकलेली व्याख्या सहसा आयुष्यभर सोबत करते. केवळ आपल्या उपस्थितीने जो अभिक्रियेचा वेग बदलतो, पण स्वतः मात्र आहे तसाच राहतो, तो उत्प्रेरक. वनस्पती तूप करताना तेलात निकेलची पूड मिसळतात आणि काम झाल्यावर ती गाळून काढतात. तिथे ही व्याख्या बरीचशी जुळते. त्यामुळे प्लास्टिकच्या कारखान्यातही असेच चालत असेल, घन उत्प्रेरक एका जागी पडून राहत असेल आणि वायू त्यावरून जाता जाता प्लास्टिक होत असेल, असा समज रसायनशास्त्र शिकलेल्यांमध्येही आढळतो. प्रत्यक्षात बादल्या, पोती, खुर्च्या ज्यांच्यापासून होतात त्या कडक पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनच्या बाबतीत उत्प्रेरक परत मिळतच नाही. तो फुटतो, विखुरतो आणि मालाबरोबरच कारखान्याबाहेर पडतो. शिवाय वेग वाढवणे हा त्याच्या कामाचा फक्त एक भाग आहे. निघणारे प्लास्टिक कडक असेल की चिकट, हेही बरेचसे तोच ठरवतो.

आजच्या पॉलिप्रॉपिलीन उद्योगातला नेहमीचा उत्प्रेरक घेऊ. मॅग्नेशियम क्लोराइडच्या सच्छिद्र कणावर टायटॅनियम टेट्राक्लोराइड बसवलेले असते. कण साधारण ४० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढा. ट्रायएथिल अॅल्युमिनियम त्याला जागे करते. मग प्रोपिलीन छिद्रांतून आत शिरते आणि टायटॅनियमच्या अणूंवर साखळ्या वाढू लागतात. तयार झालेल्या पॉलिमरला आत जागा पुरत नाही, दाब वाढतो आणि कणाला तडे जातात. हा बिघाड नव्हे. तडे जावेत अशीच त्याची बांधणी केलेली असते. कण फार कणखर निघाला तर छिद्रे पॉलिमरने बुजतात आणि आतले टायटॅनियम वाया जाते. लाहीसारखा एकदम फुटला तर तुकडे सुटे होऊन बारीक भुकटी होते आणि ती यंत्रणा तुंबवते. शिवाय उष्णतेचा प्रश्न आहेच. एक किलो एथिलीनचे पॉलिमर होताना सुमारे साडेतीन मेगाज्यूल उष्णता बाहेर पडते. तेवढ्यात दहा लिटर पाणी २० अंशांपासून उकळीला येईल. ताज्या, चिमुकल्या कणाला ही उष्णता वेळेत बाहेर टाकता आली नाही तर त्यावरचे पॉलिमर वितळते आणि शेजारच्या कणांना चिकटून गठ्ठे होतात. म्हणून अनेक कारखान्यांत उत्प्रेरकाला आधी कमी तापमानाला, थोड्याशा प्रोपिलीनबरोबर, सावकाश फुटू देतात. तुकडे होतात, पण नवे पॉलिमरच त्यांना एकमेकांशी धरून ठेवते आणि कण सगळीकडून सारखा फुगत जातो. गोल उत्प्रेरकातून गोलच दाणा मिळतो, सुमारे दीड मिलिमीटर व्यासाचा. मला या सगळ्या रसायनशास्त्रातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते: अदृश्य होत गेलेल्या कणाचा आकार त्याच्या कित्येक हजार पट जड झालेल्या मालात टिकून राहतो.

यावर रास्त आक्षेप असा, की जे परत मिळत नाही त्याला उत्प्रेरक का म्हणायचे? तो तर कच्चा मालच झाला. याचे उत्तर मोजमापात आहे. अशा एक ग्रॅम उत्प्रेरकापासून ४० किलो पॉलिप्रॉपिलीन मिळते असे धरू आणि त्यात अडीच टक्के टायटॅनियम आहे असे मानू; दोन्ही आकडे व्यवहारातलेच आहेत. हिशेब केला तर टायटॅनियमच्या प्रत्येक अणूमागे प्रोपिलीनचे सुमारे १८ लाख रेणू जोडले जातात. सगळे अणू कामाचे नसतात, म्हणजे जे काम करतात त्यांचा वाटा याहून मोठा. कच्चा माल एकदा वापरला की संपतो. हा अणू मात्र एक रेणू जोडला की पुढच्यासाठी पुन्हा मोकळा होतो. त्या अर्थाने तो अस्सल उत्प्रेरक आहे. शाबूत राहतो तो अणूचा कामाचा फेरा. कणाचे शरीर राहत नाही. हा उत्प्रेरक गाळून काढत नाहीत, कारण दहा लाख भाग प्लास्टिकमध्ये जेमतेम अर्धा-पाऊण भाग टायटॅनियम उरते. पूर्वी हे शक्य नव्हते. सुरुवातीच्या उत्प्रेरकांत फक्त पृष्ठभागावरचे टायटॅनियम कामाला येई आणि मालात इतका गाळ राही, की तो अल्कोहोलने धुऊन काढण्याची वेगळी व्यवस्था ठेवावी लागे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मॅग्नेशियम क्लोराइडचा आधार सापडला आणि पुढे ती धुलाई अनावश्यक ठरत गेली.

आता वेगापलीकडच्या कामाबद्दल. १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत एथिलीनवर हजाराहून अधिक वातावरणांचा दाब देताना पॉलिथिलीन मिळाले, ते फांद्या फुटलेल्या साखळ्यांचे, मऊ. १९५३ साली जर्मनीतील म्युलहाइम येथे कार्ल झिग्लर यांनी टायटॅनियम व अॅल्युमिनियमच्या संयुगांनी साध्या दाबाला तेच केले, तर साखळ्या सरळ आल्या आणि प्लास्टिक कडक निघाले. वायू तोच, पदार्थ वेगळा. प्रोपिलीनचे उदाहरण याहून बोलके आहे. आयसीआयच्या प्रक्रियेत एथिलीनसाठी चालणाऱ्या मुक्त मूलकांच्या (सुटा इलेक्ट्रॉन असलेल्या क्रियाशील तुकड्यांच्या) मार्गाने त्याच्या उपयोगी लांबीच्या साखळ्या होतच नाहीत. वाढ अर्ध्यावर खुंटते. १९५४ साली मिलानमध्ये जुलिओ नाट्टा यांना झिग्लर यांच्याच धर्तीच्या उत्प्रेरकाने सुमारे १६५ अंशांना वितळणारे स्फटिकी पॉलिप्रॉपिलीन मिळाले, कारण त्यातले सगळे मिथिल गट साखळीच्या एकाच बाजूला ओळीने आले होते. ते अस्ताव्यस्त लागले तर हाती चिकट गोळा येतो. दोघांना १९६३चे नोबेल मिळाले.

इथे जाणकार विचारतील, की उत्प्रेरकाला समतोल बदलता येत नाही, मग तो पदार्थ कसा ठरवणार? नियम खरा आहे आणि इथे तो मोडत नाही. प्रोपिलीनला पॉलिमर होणे ऊर्जेच्या दृष्टीने फायद्याचेच असते. पण शिस्तीची आणि अस्ताव्यस्त, अशा दोन साखळ्यांच्या ऊर्जेत फरक अगदी थोडा. मग कोणती वाट आधी खुली होते यावर सगळे ठरते. स्फटिकाच्या कडेला बसलेल्या टायटॅनियमभोवती क्लोरीनच्या अणूंची अशी अडचण असते, की प्रोपिलीनला जवळजवळ एकाच रीतीने आत शिरता येते. ज्या जागी दोन्ही रीतींनी शिरता येते, त्या बुजवायला मुद्दाम इतर संयुगे घालतात.

सगळीच प्लास्टिके अशी होतात हा उलटा गैरसमजही आहे. मऊ पिशव्यांचे कमी घनतेचे पॉलिथिलीन आणि पीव्हीसी यांना पेरॉक्साइडसारखे आरंभक लागतात; ते फुटून त्यांचे तुकडे साखळीच्या टोकाला कायमचे जोडले जातात. पाण्याच्या बाटलीच्या पीईटीमध्ये बहुधा अँटिमनीचे संयुग वापरतात, पण ते मिश्रणात विरघळून काम करते.

मालात उरलेल्या या अंशाची भीती वाटणे स्वाभाविक आहे, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. जागा बुजवणाऱ्या संयुगांत थॅलेट असत, अजूनही काही उत्प्रेरकांत असतात. मात्र मऊ पीव्हीसीत थॅलेट वजनाच्या तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, तर इथे दहा लाखांत फार तर दोन-तीन भाग. या दोन गोष्टी एकाच यादीत टाकणे चूक आहे. उरलेले क्लोराइड मात्र खरेच उपद्रवी असते, यंत्रे गंजवते. म्हणून पॉलिप्रॉपिलीनमध्ये कॅल्शियम स्टिअरेटसारखे आम्ल शोषणारे द्रव्य घालतात. कडक पॉलिथिलीनसाठी वापरला जाणारा दुसरा मोठा उत्प्रेरक म्हणजे अमेरिकेतील फिलिप्स कंपनीत १९५१ साली हाती आलेला, सिलिकावरचा क्रोमियम ऑक्साइड. ५०० ते ९०० अंशांच्या कोरड्या हवेत तो तापवतात तेव्हा त्यातले क्रोमियम सहा संयुजेचे, कर्करोगकारक असते. अभिक्रियापात्रात एथिलीनच त्याचा ऑक्सिजन काढून घेते आणि संयुजा खाली येते. नेमक्या कोणत्या संयुजेचे क्रोमियम साखळी वाढवते, यावर सत्तरहून अधिक वर्षांनंतरही एकमत नाही. बादली वापरणाऱ्यापेक्षा धोका आहे तो ती पूड तापवणाऱ्या आणि पिंपातून ओतणाऱ्या कामगाराला, किंवा हवा लागताच पेट घेणारे ट्रायएथिल अॅल्युमिनियम हाताळणाऱ्याला. संरक्षणाचे नियम आणि तपासणी सर्वांत काटेकोर हवी ती त्याच्या जागेवर.