बासी ईदला घोडाझरीवर

ईदच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बासी ईदला, आमच्याकडे घरी कोणी थांबत नाही. यंदा आम्ही नागभीड तालुक्यातल्या घोडाझरी तलावावर गेलो. दोन गाड्या, चौदा माणसे, शीरखुर्म्याचे पातेले, बिर्याणीचा डबा आणि भाच्याने गुपचूप ठेवलेला गळ.

घोडाझरी इंग्रजांच्या काळातला. टेकड्यांच्या मधली जागा पाळ घालून अडवली आणि धानाच्या शेतीला पाणी मिळाले. भोवतालचे जंगल 2018 पासून अभयारण्य आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा सगळा मुलूखच तलावांचा. बहुतेक छोटे तलाव गोंड राजांच्या काळापासूनचे, कोहळी समाजाने बांधलेले. 1951 च्या सुमारास मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’चे झाले ‘मामा तलाव’. मुलांना हे नाव ऐकून फार हसू येते. मामाचा तलाव आहे तर मासे फुकट का नाहीत, असे धाकटीने विचारले.

प्रश्न गमतीचा होता, पण वाद त्यावरूनच सुरू झाला. भाच्याने गळ काढला. चाचा म्हणाले, पाण्यातली शिकार हलाल, जबह करायचीही गरज नाही, मग टाकू दे की पोराला. बोलणे चुकीचे नव्हते. पण मासा हलाल असणे वेगळे आणि तो आपला असणे वेगळे. रोहू, कतला, मृगळ हे मासे तलावाच्या साचलेल्या पाण्यात सहसा वाढतात, पण अंडी घालत नाहीत. त्यांना वाहते पाणी लागते. म्हणून पावसाळ्यात बोटुकली विकत आणून तलावात सोडावी लागते. या भागात हे काम ढिवर समाजाच्या सहकारी संस्था करतात. त्या ठेका भरतात, बीज टाकतात, राखण करतात. आपण हौसेने काढलेला दोन किलोचा कतला कुणीतरी बोटाएवढा असताना पैसे मोजून सोडलेला असतो. कुरआनात शनिवारवाल्या लोकांचा किस्सा आहे. मनाई असलेल्या दिवशी मासे धरायला त्यांनी युक्त्या शोधल्या. आम्ही मुलांना तोच सांगितला. गळ गाडीत परत गेला. भाचा तासभर फुगून होता.

मग पाळीवर जाळे सुकवत बसलेल्या एका ढिवरकाकांकडूनच मासे घेतले. मुले पाण्याकडे धावली तसे ते उठून उभे राहिले. “बाबू, वरून पानी शांत दिसते. खाली खड्डे हायेत. गाळात पाय गेला का निघत नाही.”

हे त्यांनी उगाच सांगितले नाही. 15 मार्च 2025 रोजी याच तलावात पोहायला उतरलेले चिमूर तालुक्यातले पाच तरुण बुडाले. त्यांत एकाच घराण्यातले भाऊ होते. सणाचेच दिवस होते तेही, होळीचे. घरून निघतानाच अम्मींनी ही आठवण काढली होती आणि आम्ही त्यांना गप्प केले होते. त्याची लाज तिथे वाटली.

तलावाचा तळ हौदासारखा सपाट नसतो. पाळीसाठी माती काढलेल्या जागा खोल राहतात, तुडुमाजवळ, म्हणजे पाणी सोडायच्या दाराजवळ, ओढ असते. ओढणी, सलवार, जीन्स भिजली की अंगाला ओढते. कोणी बुडताना दिसले तर मागे उडी मारायची नाही. अशाच उड्यांमुळे एकाचे दोन आणि दोनाचे तीन जातात. दोरी, लांब काठी, नाहीतर ओढण्या एकमेकींना बांधून फेकायच्या. तेलाचा रिकामा पाच लिटरचा डबा झाकण घट्ट लावून दोरीला बांधला तर माणूस त्याला धरून तरंगतो. आमच्याकडे डबाही नव्हता आणि दोरीही नव्हती. मुलांना घोट्याएवढ्या पाण्यातच बसवले आणि दोन मोठी माणसे पाळीपाळीने नुसती नजर ठेवून राहिली. मोबाईल न बघता, हे विशेष.

वुजू तलावातच केला. वाहत्या नदीकाठी असलात तरी पाणी जपून वापरा, ही प्रेषितांची (स.) शिकवण इथे मुलांना वेगळी समजवावी लागली नाही, पाणी मार्चमध्येच खाली सरकलेले दिसत होते. पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या पोत्यात भरून परत आणल्या. आधीच्या कुणाच्या तरी बाटल्याही त्यात आल्या.

असर झाली की निघायचे, हे आधीच ठरले होते. मोहफुलांचे दिवस, वाघाचा मुलूख, सूर्य कलला की जंगलातल्या रस्त्यावर गाडी थांबवायची नाही.

परतीच्या वाटेवर वेगळाच वाद. काकांनी माशांबरोबर मूठभर झिंगे दिले होते. हनफी आलिमांत झिंग्यांवर मतभेद आहेत. चाचा खात नाहीत, चाची चाटूनपुसून खातात. घरी पोचेपर्यंत निकाल लागला नाही. भाच्याने मात्र रोहूचे डोके स्वतःच्या ताटात आधीच मागून ठेवले.