लॅपटॉप घरी साफ केला आणि स्क्रीन गेली? पॅनल बदलण्याआधी हे तपासा



दसरा-दिवाळी जवळ आली की आमच्या काउंटरवर एक ठरलेली तक्रार येते. "लॅपटॉप मस्त चालू होता, फक्त साफ केला आणि आता डिस्प्लेच येत नाही." खंडेनवमीला मशीनची पूजा करायची म्हणून कोणी ब्लोअर मारलेला असतो, कोणी खालचं कव्हर उघडून पंख्यातला धुळीचा गठ्ठा काढलेला असतो, तर कोणी काच पुसायचा स्प्रे थेट स्क्रीनवर मारलेला असतो. (आणि हळदीकुंकू कीबोर्डवर वाहू नका हो. शेजारी कागदावर वाहिलं तरी चालतं.)

आता हा विषय धंद्याच्या चॅनलवर का? कारण छोट्या व्यावसायिकाचा लॅपटॉप म्हणजे त्याचा गल्ला, वही आणि मुनीम, तिन्ही एकात. बिलिंग त्यात, टॅली त्यात, उधारीची यादी त्यात. दर महिन्याला रिटर्न भरत असाल तर ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी. अशात १८ तारखेला स्क्रीन काळी झाली की माणूस घाबरतो, जवळचं दुकान गाठतो आणि पहिलंच वाक्य बोलतो, "स्क्रीन गेलीय, बदलून द्या." झालं! निदान तुम्हीच करून दिलंत. पॅनल हा लॅपटॉपच्या महागड्या पार्टपैकी एक आहे आणि साफसफाईनंतर गेलेल्या डिस्प्लेत तोच खराब असेल असं अजिबात नाही. अनेकदा रॅम नीट बसलेली नसते, नाहीतर केबल अर्धवट लागलेली असते.

म्हणून खर्च करण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं मिळवायची. चित्र तयार होतंय का? आणि तयार झालेलं चित्र पडद्यापर्यंत पोचतंय का?

चित्र तयार होतं खाली, मदरबोर्डवर. रॅम नीट लागली नसेल तर लॅपटॉप चित्र बनवूच शकत नाही, पंखा फिरतो, लाइट लागतो, पण स्क्रीन काळीच. तयार झालेलं चित्र एका पातळ केबलमधून, बिजागरीच्या आतून, वर पॅनलकडे जातं. आणि पॅनलला स्वतःचा उजेड नसतो, त्याच्यामागे एलईडीचा बॅकलाइट असतो. चित्र आलं पण बॅकलाइट लागला नाही, तरी आपल्याला काळंच दिसतं. (ओएलईडी स्क्रीनची गोष्ट वेगळी, तिथे बॅकलाइट नसतोच.)

सुरुवात स्क्रूड्रायव्हरने करू नका. लॅपटॉप चालू ठेवून कीबोर्ड पुसला होता का, ते आधी आठवा. फडक्याखाली ब्राइटनेसचं बटण दाबलं जाऊन उजेड तळाला गेलेला असतो. काही मॉडेलमध्ये तर स्क्रीन बंद करायचं वेगळं बटणच असतं, वरच्या एफ रांगेत. दुकानात दुसरा मॉनिटर जोडलेला असेल तर विंडोज आणि पी ही बटणं दाबली जाऊन सगळं चित्र तिकडे गेलेलं असू शकतं. एकदा विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबून बघा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. हे फुकटचे उपाय आहेत, आधी करून घ्या.

एक गंमत अजून. झाकण मिटलंय की उघडं आहे हे लॅपटॉपला चुंबकावरून कळतं. त्यामुळे स्क्रू ठेवायची चुंबकाची चकती, चुंबकवालं मोबाईल कव्हर किंवा घड्याळाचा पट्टा कीबोर्डजवळ राहिला, तर लॅपटॉपला वाटतं झाकण बंद आहे आणि तो स्क्रीन मालवतो. टेबल मोकळं करून बघा.

एवढं करूनही काळंच असेल तर चार्जर काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, सोडा, चार्जर लावा आणि चालू करा. काही ठिकाणी बॅटरीची वायर काढून परत लावल्यावर चार्जर जोडल्याशिवाय लॅपटॉप जागाच होत नाही. आणि चालू केल्यावर धीर धरा. बॅटरी किंवा रॅम काढून लावल्यावर पहिल्या वेळी लॅपटॉप रॅमची ओळख नव्याने करून घेतो, डीडीआर५ रॅममध्ये तर यात काही मिनिटं जाऊ शकतात. तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते. लोक वीस सेकंदांत घाबरून पॉवर दाबतात आणि तीच प्रक्रिया परत पहिल्यापासून सुरू करतात.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो, म्हणजे आत मशीन जागं आहे, चित्र बहुतेक तयार होतंय. दिवा ढिम्म असेल, किंवा तोच दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल, तर संशय आधी रॅमवर. एचपीमध्ये कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतो, डेलमध्ये पिवळा-पांढरा दिवा ठरावीक वेळा लागतो. हा त्यांचा तक्रार सांगायचा कोड असतो. मोबाईलवर व्हिडिओ काढून किती वेळा लुकलुकतो ते मोजा आणि कंपनीच्या साइटवर त्याचा अर्थ बघा.

दिवा लागत-विझत असेल तर दुसरा प्रश्न. घरातल्या टीव्हीला एचडीएमआय केबलने लॅपटॉप जोडा. दोन मिनिटं थांबा, कारण काही मशीनमध्ये विंडोज सुरू होईपर्यंत बाहेर चित्र येत नाही. टीव्हीवर चित्र आलं? मग मदरबोर्ड ठीक, रॅम ठीक. दोष केबल, बॅकलाइट किंवा पॅनलमध्ये. आणि मुख्य म्हणजे तुमचं काम सुरू! टीव्हीवर बघून ३बी भरा, टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या, मग निवांत दुरुस्तीला द्या.

खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. अंधुक का होईना, आयकॉन दिसले तर पॅनलमध्ये चित्र येतंय, फक्त मागचा उजेड बंद आहे. तिथे केबल, किंवा बॅकलाइटच्या वाटेवरचा एक बारीक फ्यूज, हे आधी तपासायला सांगायचं. डेल असेल तर लॅपटॉप बंद करून डी बटण दाबून धरा आणि तसंच पॉवर दाबा. बहुतेक मॉडेलमध्ये स्क्रीनवर एकामागून एक रंग येतात. रंग स्वच्छ आले तर पॅनलला दोष देऊ नका.

तुम्ही कव्हर उघडलं होतं का?

मग दोष बहुतेक तुमचा हात जिथे गेला तिथेच आहे. पंख्याशेजारून जाणारी केबल, रॅमची पट्टी, वायफायच्या तारा, सगळं दाटीवाटीने असतं. ब्रश फिरवताना धक्का लागतो.

परत उघडायचं तर नियम एकच: चार्जर काढा, कव्हर उघडताच आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, मग पॉवर बटण पंधराएक सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्या. यात शॉर्टकट नाही. कारण डिस्प्लेच्या केबलमध्ये चित्राच्या बारीक तारांच्या शेजारूनच बॅकलाइटचा जास्त व्होल्टेजचा पुरवठा जातो. बॅटरी जोडलेली असताना तो कनेक्टर जरा तिरका लागला, की ते व्होल्टेज नको त्या पिनवर जातं. मग फ्यूज जातो, पॅनल जातं, कधी मदरबोर्ड. सैल केबलचं काम बघता बघता बोर्डाचं काम होतं, ते असं.

रॅम काढायची असेल तर दोन्ही बाजूच्या क्लिपा बाहेर ढकला, पट्टी आपोआप तिरकी उभी राहते. सोनेरी कडेला बोटं लावू नका. ती कड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापडाने पुसा, सुकू द्या. तिरकी घालून पूर्ण आत सरकवा आणि खाली दाबा, दोन्ही क्लिपांचा टक आवाज आला पाहिजे. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. डिस्प्ले केबलच्या कनेक्टरवर बारीक तारेची किंवा पट्टीची कडी असते का ते नीट बघून, ती उघडून, सरळ काढा आणि सरळ लावा. तार धरून ओढू नका. ज्यांचा हात यात बसलेला नाही त्यांनी रॅमपर्यंत थांबावं, केबल दुकानात द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्क्रूंकडे पण बघा. सगळे एका लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की तो आतल्या बोर्डाला किंवा केबलला टेकतो. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवायचा, आमच्याकडे नवीन मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो. आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून ठेवायचं, नाहीतर तो भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

स्प्रे मारला होता का?

बहुतेक लॅपटॉपमध्ये पॅनलचा छोटा सर्किट बोर्ड स्क्रीनच्या खालच्या कडेला असतो. वरून मारलेलं पाणी ओघळून बरोबर तिथे जमतं. उभ्या रेषा, अर्धी स्क्रीन, कडेला ढगासारखे डाग, ही त्याची खूण. लगेच बंद करा, चार्जर काढा. "बघू आता चालतोय का" म्हणून दर तासाला चालू करू नका, ओल्या सर्किटमध्ये करंट गेला की गंज आणि शॉर्ट दोन्ही होतं. हेअर ड्रायरची गरम हवा नको, तांदळाच्या डब्याचा उपयोग नाही. पंख्याखाली उघडा ठेवून एक-दोन दिवस सुकू द्या. तरी रेषा राहिल्या, तर इथे मात्र पॅनल बदलावं लागण्याची तयारी ठेवा.

दुकानात गेल्यावर काय केलं होतं ते खरं सांगा. "आपोआप बंद पडला" म्हटलं की तंत्रज्ञ चुकीच्या टोकापासून शोधायला लागतो. टीव्हीवर चित्र येतं की नाही, टॉर्चमध्ये काय दिसलं, हे दोन निकाल सांगा. पॅनल बदलायलाच हवं म्हणाले, तर चालू असलेलं दुसरं पॅनल तात्पुरतं जोडून दाखवा म्हणा. मशीन वॉरंटीत असेल तर कुणाला उघडू देण्याआधी कंपनीच्या सेंटरला विचारा, पाणी गेल्याचा दोष सहसा वॉरंटीत बसत नाही. एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला जोडून डेटा काढता येतो, पण विंडोज ११ मध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआप लॉक केलेली असते. त्यासाठी बिटलॉकरची रिकव्हरी की लागते, ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का ते आजच, स्क्रीन चालू असताना बघून ठेवा.

आणि तुमच्यापैकी ज्यांना रिपेअरिंगचंच दुकान टाकायचंय, त्यांनी जॉब कार्डवर "ग्राहकाने स्वतः उघडले / स्प्रे मारला" अशी ओळ छापूनच घ्या. मशीन हातात घेतल्याबरोबर, ग्राहकासमोर, कॅप्स लॉक, टीव्ही आणि टॉर्च या तिन्हींचे निकाल त्यावर लिहा आणि सही घ्या. पॅनल मागवताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका. एकाच मॉडेलमध्ये ३० पिनचं आणि ४० पिनचं, दोन्ही येऊ शकतं. जुनं पॅनल काढून मागच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर बघा, फोटो काढा आणि मगच ऑर्डर टाका. जुना पार्ट पिशवीत घालून ग्राहकाला परत द्या.