अभिप्रायाची वही कोण वाचतो ?

सार्वजनिक संस्थेची खरी प्रकृति तिच्या वार्षिक अहवालावरून कळत नाहीं. ती तिच्या तक्रारींच्या वहीवरून कळते. अहवाल संस्थेचे चालक लिहितात, वही लोक लिहितात. वाचनालयाच्या मेजावर दोरीनें बांधून ठेवलेली अभिप्रायाची वही बहुतेकांनीं पाहिली असेल. तिच्याकडे ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील सुज्ञ नागरिकांचें लक्ष वेधण्याचें कारण इतकेंच कीं, तींत लिहिणारे पुष्कळ असतात, पण त्यांस उत्तर देणारा क्वचितच आढळतो.

वाचनालयांच्या बाबतींत आमचा हा टापू दरिद्री नाहीं. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें आहे. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजीं स्थापन झालें. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे हे त्याच्या संस्थापकांपैकीं एक, आणि ते त्या वेळीं पंचविशीच्याहि आंत होते. मुंबईचें मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें तें पांच वर्षांनंतर, १८९८ सालीं. राज्य परक्यांचें असतांना, आपल्या भाषेंतील ग्रंथ आपणच जपले पाहिजेत या बुद्धीनें, लोकांच्या वर्गणीवर हीं कामें उभीं राहिलीं. पुढें साहित्य संमेलनाचा मांडव ठाण्यांत २०१० सालीं व डोंबिवलींत २०१७ सालीं घातला गेला. परंतु मांडव तीन दिवसांत उतरतो. वाचनालयाचें दार वर्षभर उघडावें लागतें. गांवाची साहित्यभक्ति मोजावयाची तर त्या दारापाशींच मोजली पाहिजे.

या वहींत लोक लिहितात तरी काय ? कोणी लिहितो, मागितलेलें पुस्तक सहा महिने ‘बाहेर’ आहे. कोणी लिहितो, कादंबरीचीं शेवटचीं पानें फाडलेलीं आहेत. कोणाला पंखा हवा, कोणाला प्यावयाचें पाणी, कोणाला स्वच्छ शौचालय. स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी बसावयास जागा मागतो. कारण दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत त्याला वाचावयास कोपरा नाहीं. वृद्ध गृहस्थांची तक्रार अशी कीं, एकच वर्तमानपत्र एकच माणूस तासभर धरून बसतो. या गोष्टी वरकरणीं क्षुल्लक वाटतील. पण दुकानदाराला विचारा. गिऱ्हाईक एकदां तोंडानें तक्रार करतें; दुसऱ्या वेळीं बोलत नाहीं, शेजारच्या दुकानांत जातें. वाचनालयाच्या शेजारीं तर आज प्रत्येकाच्या खिशांतला मोबाईल आहे. गेलेला वाचक तेथून परत येईल ही आशा चालकांनीं बाळगूं नये.

या सर्व तक्रारींत एक मात्र आमच्या टापूची खास आहे, आणि ती वेळेची. १६ एप्रिल १८५३ रोजीं पहिली आगगाडी मुंबईहून ठाण्यास आली. १८५४ सालीं रूळ कल्याणपर्यंत पोंचले. त्या रुळांनीं या गांवांचें दैनंदिन जीवनच पालटून टाकलें. पूर्वीं येथील वकील, शिक्षक, व्यापारी दिवसभर गांवांतच असत; संध्याकाळीं पायीं फिरत वाचनालयांत येणें त्यांस सोयीचें होतें. आज मुंबईहून कल्याण ५४ किलोमीटर पडतें. डोंबिवलीचा नोकरदार सकाळीं लोकलला लोंबकळत जातो व रात्रीं तसाच परततो. वाचनालय उघडतें तेव्हां तो गाडींत असतो, आणि तो फलाटावर उतरतो तेव्हां वाचनालयाला कुलूप असतें. गांव बदललें, वेळापत्रक मात्र अनेक ठिकाणीं जुनेंच राहिलें. ‘लोकांस वाचनाची गोडी उरली नाहीं’ असा जो निष्कर्ष काढला जातो, त्याच्या आधीं लोकांस वाचनालयांत येणें शक्य तरी आहे काय, हें तपासणें न्यायाचें होईल. आरोपीचें म्हणणें ऐकल्यावांचून निकाल देऊं नये, हा साधा नियम येथेंहि लागू आहे.

चालकांची बाजूहि आम्ही लपवूं इच्छित नाहीं. ते म्हणतात, पैसा नाहीं, माणसें नाहींत. हें खोटें नव्हे. कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालीं वाचनालयांचा कायदा केला. मद्रास प्रांतानें १९४८ सालीं केलेल्या कायद्यांत तर वाचनालयांसाठीं स्वतंत्र कराची तरतूद होती. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालीं झाला. त्यांत असा कर ठेवला गेला नाहीं. वाचनालयांची प्रतवारी लावून त्यांस अनुदान द्यावयाचें, अशी ही पद्धति आहे. त्या अनुदानांत ग्रंथही घ्यावयाचे, विजेचें बिलही भरावयाचें आणि सेवकांचें वेतनही भागवावयाचें ! तुटपुंज्या वेतनावर वर्षानुवर्षें काम करणाऱ्या ग्रंथपालाच्या कपाळीं आठी दिसली, तर तिचा सर्व दोष त्याच्या स्वभावाला देतां येणार नाहीं. २०११ च्या शिरगणतींत ठाणें शहराची वस्ती १८ लाखांहून अधिक व कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२.५ लाख भरली. एवढ्या लोकवस्तीच्या वाचनाचा भार मूठभर संस्थांवर टाकून राज्यसरकारानें व नगरसंस्थांनीं स्वस्थ बसणें शोभत नाहीं.

परंतु पैसा नसणें हें उत्तर न देण्याचें कारण होऊं शकत नाहीं. पंखा घेण्यास रुपये लागतात. ‘पंखा अमुक कारणामुळें या वर्षीं घेतां येत नाहीं’ असें लिहिण्यास दोन ओळींची शाई पुरते. हीं वाचनालयें बहुतेक नोंदलेल्या संस्था आहेत. कोठें १८६० चा संस्था-नोंदणीचा कायदा लागू आहे, कोठें १९५० चा विश्वस्तव्यवस्थेचा, व पुष्कळ ठिकाणीं दोन्ही. विश्वस्त हा मालक नव्हे. तो दुसऱ्याचें धन सांभाळणारा. ज्याचें धन सांभाळावयाचें त्यानें हिशेब विचारला तर तो उपमर्द होत नाहीं. वर्गणी भरणारा सभासद वहींत लिहितो तेव्हां तो भीक मागत नसतो. आपला हक्क बजावीत असतो. ग्रंथ हे वापरासाठीं आहेत व वाचकाचा वेळ वांचविणें हें ग्रंथपालाचें कर्तव्य आहे, हा सिद्धांत आपल्याच देशांतील रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं मांडला. तो आचरणांत आणण्यासाठीं विलायतेकडे पाहण्याची गरज नाहीं.

आणि जे वहींत लिहीतच नाहींत त्यांचें काय ? घरकामांतून सुटका न होणारी गृहिणी, पाळींत काम करणारा कामगार, अनामत रकमेला बिचकणारा मजुराचा मुलगा — यांची तक्रार कोणत्याहि वहींत सांपडत नाहीं, कारण ते दारापर्यंत आलेलेच नसतात. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं बोर्डन नांवाचा अमेरिकन तज्ज्ञ आणवून वाचनालयांचें जाळें विणलें, आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडीं धाडल्या. वाचक येत नसेल तर ग्रंथानें त्याच्याकडे जावें, हें शतकापूर्वीं एका संस्थानाला समजलें; महानगरपालिकांना तें समजण्यास हरकत नसावी.

वाचकांसहि दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. पानें फाडणारा, समासांत आपली विद्वत्ता खरडणारा, पुस्तक घरीं अडकवून ठेवणारा हा कोणी परका नव्हे. तो आपल्यांतलाच आहे. वार्षिक सभेच्या दिवशीं रिकाम्या खुर्च्या ठेवून वर्षभर कुरकुरणें, हा नागरिकधर्म नव्हे.

आमच्या सूचना थोड्या व स्वल्प खर्चाच्या आहेत. प्रत्येक अभिप्रायास पंधरा दिवसांच्या आंत त्याच वहींत, सहीनिशीं उत्तर लिहावें. वर्षाच्या सभेंत जमाखर्चाबरोबर ती वहीहि वाचावी. किती सूचना आल्या, किती मानल्या, किती कां नाकारल्या, हें सभासदांस कळूं द्यावें. आठवड्यांतून निदान तीन दिवस व रविवारीं, परतणाऱ्या नोकरदाराच्या सोयीनें दार उघडें ठेवावें. स्टेशनाजवळ पुस्तकें परत करण्याची एक पेटी बसवावी. ज्यांस अनामत झेपत नाहीं त्यांच्यासाठीं या तिन्ही शहरांतील व्यापाऱ्यांनीं एक छोटासा निधि उभारावा. दिवाळींत वहीपूजन करणाऱ्यांस या वहीचेंहि मोल कळेल, असा आमचा भरंवसा आहे.

तरुणांनीं परक्या राज्यांत जीं दारें उघडलीं, तीं स्वराज्यांत केवळ निरुत्तरपणामुळें ओस पडावीं, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाहीं. वही मेजावर आहेच. चालकांनीं लेखणी उचलण्याचा तेवढा अवकाश.