व्यावसायिक कबड्डीतील आरंभीच्या सामन्यांचा थकवा

स्पर्धेच्या आरंभीच एखादा कबड्डी संघ उत्तरार्धात ढेपाळला, म्हणजे 'खेळाडूंचा दम कमी पडला' असा निवाडा देऊन आपण मोकळे होतो. दम म्हणजे मुळात एका श्वासात टिकविलेला उच्चार. पुढे हा शब्द सर्व प्रकारच्या सहनशक्तीस लावला गेला आणि दम वाढविण्यास पहाटे सडकेवर धावणे पुरेसे आहे, अशी समजूत दृढ झाली. ती अर्धीच खरी आहे.

सामना 40 मिनिटांचा असला, तरी एका चढाईस 30 सेकंदांहून अधिक अवधी नसतो, आणि त्यातील निर्णायक झेप वा पकड दोन-तीन सेकंदांची. तिला लागणारी ऊर्जा मुख्यतः स्नायूंतील क्रिएटिन फॉस्फेटपासून मिळते. हा साठा सुमारे अर्ध्या मिनिटात निम्मा भरून निघतो. पूर्ण भरण्यास मात्र तीन ते पाच मिनिटे लागतात. चढाईहून परतलेल्या खेळाडूस लगेच बचावात उभे राहावे लागते. एवढी उसंत त्याला कोठून मिळणार? साठा भरण्यास प्राणवायू लागतो, म्हणून धावणे निरुपयोगी नव्हे. परंतु एकाएकी थांबणे, वळणे, प्रतिस्पर्ध्याच्या ओढीविरुद्ध रेषा गाठणे यांची सवय स्नायूंना सडकेवर लागत नाही. (सारा दोष दुग्धाम्लावर टाकण्याची प्रथाही आता सोडून द्यावी.)

2014 साली प्रो कबड्डी लीगचा पहिला हंगाम आठ संघांचा व महिन्याहून थोडा अधिक काळाचा होता; 2017 साली 12 संघ, 138 सामने आणि तीन महिने असा विस्तार झाला. दीर्घ हंगामाच्या धास्तीने पूर्वतयारीच्या शिबिरात भार एकदम वाढविला, तर कमावलेली क्षमता थकव्याखाली झाकली जाते आणि संघ पहिल्या सामन्यास शिणलेलाच उतरतो. तेथे गमावलेले गुण अखेरच्या गुणांइतकेच मोलाचे असतात. यास्तव शेवटच्या आठ-दहा दिवसांत सरावाचे प्रमाण घटवावे, तीव्रता मात्र राखावी.

नांदेड-लातूरच्या एप्रिल-मेमधील चाळीस अंशांपलीकडील उन्हात सराव करणारा खेळाडू काटक होतो, असे अभिमानाने म्हटले जाते. उष्णतेशी जुळवून घेण्यास 10 ते 14 दिवस लागतात. रक्तद्रव वाढतो, घाम लवकर सुटतो. पण सराव थांबताच काही आठवड्यांत हा लाभ ओसरतो. बंदिस्त क्रीडागृहातील पुढच्या हंगामासाठी भर दुपारी मुलांना राबविण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

थकव्याच्या स्थूल अंदाजासाठी प्रयोगशाळाही लागत नाही. रोज सकाळी, अंग मोकळे केल्यावर, खेळाडूने खडू लावलेल्या बोटाने भिंतीवर उंच उडी मारून खूण करावी. सलग तीन-चार दिवस खूण खाली उतरू लागली, तर त्या खेळाडूचा सराव कमी करावा.