मुलांच्या हाती पहिला गळ : गातून सरोवराचा धडा

पोटासाठी किंवा बाजारासाठी नव्हे, कौशल्याच्या आनंदासाठी दांडी, दोर आणि गळ यांनी एकेक मासा धरणे याला क्रीडा-मासेमारी म्हणतात. हा छंद बहुधा घरातील वडीलधाऱ्यांकडून मुलांकडे येतो; मात्र गळ कसा बांधावा हे ज्या आस्थेने शिकवले जाते, त्या आस्थेने ज्या पाण्यात तो टाकायचा त्या पाण्याची ओळख मुलांना करून दिली जातेच असे नाही. ही ओळख आधी का हवी, हे मध्य अमेरिकेतील पनामा देशाच्या गातून सरोवरावरून चांगले समजते. कारण मुलांना मासेमारी शिकवण्यासाठी ते जितके सोयीचे, तितकाच त्यातील माशांचा इतिहास विचार करायला लावणारा आहे.

गातून हे मानवनिर्मित सरोवर आहे. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदीवर धरण बांधण्यात आले आणि 1914 मध्ये कालवा खुला होण्यापूर्वीच नदीचे खोरे पाण्याखाली गेले. सुमारे 425 चौरस किलोमीटर पसरलेले हे पाणी समुद्रसपाटीपासून जवळजवळ 26 मीटर उंचीवर आहे, आणि जहाजे जलपाशांच्या, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून जहाज वरखाली करणाऱ्या बंदिस्त कप्प्यांच्या, साहाय्याने तेथे चढतात व उतरतात. जुन्या जलपाशांतून एक जहाज एका महासागरातून दुसऱ्यात जाईपर्यंत सुमारे 20 कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात जाते. पनामा आणि कोलोन या शहरांचे पिण्याचे पाणीही याच सरोवरातून येते. पूर्वीच्या टेकड्यांची आता बेटे झाली असून बारो कोलोरादो हे त्यांतील मोठे बेट 1923 पासून संशोधनासाठी राखलेले आहे. बुडालेल्या जंगलातील वृक्षांचे खुंट आजही काठालगतच्या पाण्यात उभे आहेत आणि त्यांच्याच आडोशाला येथील सर्वांत प्रसिद्ध मासा राहतो.

त्या माशाला इंग्रजीत पीकॉक बास आणि पनामात सारहेंतो, म्हणजे सार्जंट, असे म्हणतात. तो सिक्लिड कुळातील, म्हणजे आपल्याकडील तिलापियाच्या कुळातील, आहे. पिवळसर सोनेरी अंग, त्यावर काळसर उभे पट्टे आणि शेपटीच्या बुंध्याशी मोराच्या पिसावरील डोळ्यासारखा ठिपका या खुणांवरून तो लहान मुलालाही ओळखता येतो. तो दिवसा आणि नजरेने शिकार करतो, आमिषावर आवेशाने झडप घालतो आणि अनेकदा थव्याने वावरतो. त्यामुळे छोट्या जिवंत माशाचे आमिष लावून गळ खुंटांच्या कडेला सोडला, तर मुलाला तासन्‌तास ताटकळावे लागत नाही. नवशिक्याचा उत्साह पहिल्याच दिवशी मावळू नये, या दृष्टीने ही मोठीच सोय आहे.

परंतु हा मासा गातूनचा मूळ रहिवासी नाही. खेळासाठी आणि खाण्यासाठी तो दक्षिण अमेरिकेतून आणून तळ्यात ठेवण्यात आला होता. 1967 च्या सुमारास तो चाग्रेसच्या पाण्यात निसटला आणि तेथून सरोवरात पसरला. थॉमस झॅरेट आणि रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञांनी 1973 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की, जेथे तो पोहोचला तेथे पूर्वी सर्रास आढळणाऱ्या आठ जातींच्या माशांपैकी सहा जवळजवळ नाहीशा झाल्या आणि सातवी फार घटली. छोटे मासे गेल्याने त्यांच्यावर जगणारे पाणपक्षी कमी झाले. डासांच्या अळ्या खाणारे मासे उरले नाहीत, तर हिवताप वाढण्याचा धोका असल्याकडेही त्यांनी लक्ष वेधले. एका तळ्यातून निसटलेल्या माशाचा परिणाम पाण्यातून आकाशापर्यंत आणि तेथून माणसाच्या आरोग्यापर्यंत कसा पोहोचू शकतो, हे यातून स्पष्ट झाले. सुमारे 45 वर्षांनी पुन्हा पाहणी झाली, तेव्हाही तेथील मूळ मत्स्यसृष्टी सावरलेली नव्हती.

ही हकीकत मुलांना सांगितली की क्रीडा-मासेमारीतील ‘धरा आणि सोडा’ या संकेताचा खरा अर्थ त्यांना उलगडतो. या संकेतानुसार धरलेला मासा इजा न करता परत सोडायचा असतो, आणि संकटात असलेल्या मूळ जातींच्या बाबतीत तो योग्यच आहे. पण गातूनमधील सारहेंतो हा बाहेरचा, संख्येने भरपूर आणि चवीला उत्तम असल्यामुळे तेथे तो घरी नेऊन खाणे हेच अधिक समंजसपणाचे ठरते. खाण्यासाठी ठेवलेला मासा तडफडत न ठेवता तत्काळ मारून बर्फात घालावा, हेही मुलांना सांगणे आवश्यक आहे, कारण जीव घेण्याची जबाबदारी लपवून ठेवली तर छंदातून निष्ठुरपणाच रुजतो.

सोडायचा मासा हाताळण्याची रीतही पहिल्याच दिवशी शिकवावी. गळाच्या टोकाशी उलटा वळलेला जो बारीक काटा मासा सुटू देत नाही, तो पकडीने आधीच दाबून टाकला, तर गळ माशाच्या तोंडातून आणि चुकून बोटात घुसलाच तर बोटातूनही सहज निघतो. माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर त्याचे रोगांपासून रक्षण करतो, म्हणून हात ओले करूनच त्याला धरावे, पोटाखाली आधार द्यावा आणि कल्ल्यांत, म्हणजे माशाच्या श्वसनेंद्रियांत, बोटे घालू नयेत. पाणी जितके उष्ण तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो. त्यामुळे उष्ण कटिबंधात दमलेला मासा लवकर सावरत नाही आणि छायाचित्रासाठी त्याला पाण्याबाहेर रेंगाळत ठेवणे जिवावर बेतू शकते.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत तडजोड नसावी. मापाचे जीवरक्षक जाकीट नाव काठाला लागेपर्यंत अंगावर असावे; टोपी व चष्मा उन्हाप्रमाणेच उडत्या गळापासूनही बचाव करतात; दांडी मागे नेण्यापूर्वी पाठीमागे कोण आहे हे पाहण्याची सवय लागावी. गातूनमध्ये मगरी आहेत, म्हणून तेथे पोहणे किंवा नावेबाहेर हात लोंबकळत ठेवणे टाळावे लागते, आणि मोठ्या जहाजांच्या मार्गापासून व त्यांच्या लाटांपासून लहान नावेला दूर राहावे लागते. सकाळचे दोन-तीन तास मुलांना पुरेसे होतात. मूल कंटाळण्यापूर्वी परतणे हेच दुसऱ्या दिवसाचे निमंत्रण ठरते.

महाराष्ट्रातही हाच विचार लागू पडतो. तिलापिया हा आफ्रिकेतील मासा 1952 मध्ये भारतात आणला गेला आणि आज अनेक तलावांत तो फोफावला आहे. उलट महासीर हा आपल्या नद्यांचा मूळ मासा असून लोणावळ्याजवळ वळवण येथे त्याची पैदास करण्यात आली आहे, तर रायगड जिल्ह्यातील वाळणकोंड येथे देवाचे मासे म्हणून भाविक त्यांना अभय देतात. गळाला तिलापिया लागला तर तो घरी न्यावा आणि महासीर लागला तर सन्मानाने पाण्यात सोडावा, हा विवेक मुलांना सहज पटतो. राज्यातील अनेक जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. तेथे गळ टाकण्यापूर्वी परवानगी घेणे म्हणजे त्या पाण्यावर जगणाऱ्या कुटुंबांचा मान राखणे होय, हेही मुलांच्या कानावर पडले पाहिजे.

म्हणून मुलांच्या हाती दांडी देणाऱ्या प्रत्येक पालकाने गळ पाण्यात पडण्यापूर्वी तीन गोष्टी त्यांच्याबरोबर शोधाव्यात : हे पाणी कोठून येते, यातील मासा मूळचा कोठला आणि या पाण्यावर आणखी कोण जगते. ज्या मुलाला ही उत्तरे ठाऊक आहेत, ते त्या दिवशी रिकाम्या हाताने परतले तरी त्याचे शिक्षण झालेले असते.